तासाभरात हिंगोली?

हैदराबाद ते नांदेड: हवाई अंतर सुमारे 245 किलोमीटर, वेळ तासभर! 27 एप्रिल 2017ला 'उडान' योजनेची पहिली विमानं सुटली, त्यात हा रूट होता. मी जाम खूश. आईला फोन केला, "तासाभराचं तर विमान आहे, जेवायला येतोच!"

पण हिंगोलीला विमानतळ कुठाय? नांदेडला उतरून अर्धापूर, वारंगा फाटा, कळमनुरी करत आणखी 80-90 किलोमीटर. शिवाय चेक-इनची रांग वेगळीच. घरी पोचलो तेव्हा आई न जेवता बसलेली. "तासात येतो म्हणालास, म्हणून भाकरी लगेच टाकल्या रे."

गार भाकरी खाताना कळलं, तिकिटावरचा तास फक्त दोन विमानतळांमधला असतो. आता घरी वेळ सांगताना मी आधी रस्ता मोजतो, मग विमान.