एका तारेची थट्टा

पुणे महामार्गाने सोलापूर जवळ आले की चिंचोळी एमआयडीसी लागते. तिथल्या एखाद्या कारखान्यात कुणी पगारवाढीचा विषय तिसऱ्यांदा काढला, तर सोबती म्हणणारच, ‘याचं तुणतुणं पुन्हा सुरू झालं!’ वास्तविक म्हणणाऱ्याने आणि ऐकणाऱ्याने ते वाद्य हाती धरलेले असेलच असे नाही. वाद्य विस्मरणात जाते आणि त्याची चेष्टा मात्र मागे उरते, हा इतिहासाचा खोडकरपणाच म्हणायचा.

तुणतुणे म्हणजे खालच्या बाजूने कातड्याने मढवलेले लाकडी नळकांडे, त्याच्या कडेला जोडलेली काठी, काठीच्या टोकाला एक खुंटी आणि खुंटीपासून कातड्यापर्यंत ताणलेली एकच तार. तिच्यातून एकच स्वर निघतो. तमाशाच्या फडात तुणतुणेवाला शाहिराच्या मागे उभा राहून तो स्वर छेडत राहतो आणि झीलही धरतो. सोंगाड्याला चिमटे काढायला माणूस हवाच असतो आणि एका तारेवर आयुष्य काढणारा माणूस त्याच्या शेजारीच उभा असतो.

ही थट्टा केवळ महाराष्ट्राची नाही. अमेरिकेतील ब्लूग्रास संगीतात बँजोवादकाविषयी असा विनोद सांगतात, की त्याचे अर्धे आयुष्य वाद्य सुरात लावण्यात जाते आणि उरलेले बेसूर वाजवण्यात. विनोद बराच जुना आहे. जर्मन लेखक योहान मॅथेसन याने १७१३ मध्येच लिहून ठेवले होते, की ऐंशी वर्षांच्या ल्यूटवादकाची साठ वर्षे तारा जुळवण्यातच गेलेली असतात. १९७१ च्या ‘कॉन्सर्ट फॉर बांगलादेश’मध्ये वाद्ये जुळवली जात असतानाच न्यूयॉर्कच्या श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या. जुळवणी एवढी आवडली असेल तर वादन आणखी आवडेल अशी आशा पंडित रविशंकरांनी व्यक्त केली, आणि कोट्यावर पुन्हा टाळ्या पडल्या.

(महाराष्ट्रातल्या मिरवणुकीतला ‘बेंजो’ हा मात्र या बँजोचा सख्खा भाऊ नव्हे. तो बटणांचा बुलबुलतरंग आहे आणि त्याचा पूर्वज जपानी.)

तथापि थट्टा कोण करतो, यावर तिची चव ठरते. बँजोचे पूर्वरूप गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी लोकांबरोबर अमेरिकेत पोहोचले. पुढे एकोणिसाव्या शतकात गोरे नट तोंडाला काळे फासून, हाती बँजो घेऊन त्याच लोकांची रंगमंचावर टिंगल करू लागले. १९४५ च्या अखेरीस बिल मन्रोच्या वाद्यवृंदात अर्ल स्क्रग्जने तीन बोटांनी बँजो असा काही वाजवला, की पुढे ब्लूग्रासची ओळखच त्या नादाने होऊ लागली. वादक परस्परांना हसतात ते लाडाने. ते जुने हसू निराळे होते.

तुणतुण्यालाही तसले हसू चुकले नाही. डफ-तुणतुण्याची संगत म्हणजे प्रतिष्ठितांच्या दृष्टीने पतन. पेशवाईच्या उत्तरकाळात सोलापूरच्या रामजोशींनी हे सोसले. वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मण घराणे, थोरले बंधू मुद्गल हे कीर्तनकार; आणि धाकट्याचे चित्त धोंडी शाहिराच्या फडात. अखेरीस भावाने त्यांना घराबाहेर काढले. त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले, परंतु लावणी सोडली नाही. उलट संस्कृतातही लावणी रचून दाखवली. पंडितांच्या भाषेला तमाशाच्या ठेक्यावर चालवणे, ही त्या टिंगलीला दिलेली सवाई थट्टाच नव्हे काय? त्यांच्या जीवनावरचा ‘लोकशाहीर रामजोशी’ हा चित्रपट १९४७ मध्ये आला.

योगायोग असा, की ब्लूग्रासमधल्या बँजोची पाचवी, आखूड तार हीदेखील सहसा बोटांनी दाबत नाहीत. चाल वरखाली फिरत असता ती आपला एकच स्वर वाजवत राहते. म्हणजे बँजोच्या पोटात एक तुणतुणे दडलेले आहे.

फडात अजूनही गण आरंभण्यापूर्वी तुणतुणेवाला खुंटी पिळत बसतो. सोंगाड्याला काय बोलायचे ते तो बोलून घेतो. शाहीर मात्र गप्प असतो, कारण तार लागल्याशिवाय त्याला तोंड उघडता येत नाही.