मातींतल्या जंतूंचें बारसें

मूल जन्मल्यावर बाराव्या दिवशीं त्याचें नांव ठेवून आपण मोकळे होतों. मातींतील सूक्ष्म जंतूंचें बारसें मात्र इतकें सुलभ नाहीं. त्यांत प्रजाति म्हणजे जणूं गोत्र, आणि जाति म्हणजे त्या गोत्रांतलें एक घराणें. दोन्हीं ठरल्यावांचून नांव ठेवतां येत नाहीं.

वळवाच्या पहिल्या सरीबरोबर दरवळणारा मृद्गंध मुख्यतः 'स्ट्रेप्टोमायसिस' या प्रजातीच्या जंतूंनीं निर्माण केलेल्या द्रव्याचा असतो. हे जंतु बुरशीप्रमाणें तंतु पसरतात, म्हणून विद्वानांनींही पूर्वीं त्यांची गणना बुरशींत केली होती. १९४३ सालीं वाक्समन व हेन्रिसी यांनीं प्रजातीस हें नांव दिलें. त्याच सालीं अमेरिकेंतील रटगर्स येथें अल्बर्ट शॅट्झ यांस तिच्यांतील 'ग्रिसियस' जातीपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळालें. राजयक्ष्म्यानें ज्या घरांतलीं कर्तीं माणसें नेलीं, त्यांस या औषधाचें मोल सांगावयास नको. परंतु त्या जातीचा प्रत्येक वाण हें औषध देत नाहीं. तेव्हां केवळ नांव टिपून भागत नाहीं. वाणही जिवंत जपावा लागतो.

पूर्वीं रंग, आकार व आहार यांवरूनच जातिनिर्णय होई, आणि एकाच जंतूस अनेक नांवें पडत. अखेर १९८० सालीं मान्य नांवांची यादी निघाली. हजारों नांवें बाद होऊन दोन-अडीच हजारच टिकलीं.

आतांची रीत अशी. चिमूटभर माती निर्जंतुक पाण्यांत कालवून, पुनःपुन्हां विरल करून, अगरच्या पोषक थरावर पसरावयाची. उगवलेला एकेक ठिपका निराळा वाढवावयाचा. मग सुमारें १,५०० अक्षरांचा '१६ एस' हा जनुक वाचावयाचा. याच जातीच्या रेणूंच्या आधारें कार्ल वोज यांनीं १९७७ सालीं जीवसृष्टीची वंशावळ नव्यानें मांडली होती. ज्ञात जातींशीं साम्य शेंकडा ९८.७ हून कमी भरलें, तर जाति नवी असण्याचा संभव बळावतो. संपूर्ण जनुकसंच ताडून सरासरी साम्य शेंकडा ९५-९६ च्या खालीं आलें, म्हणजे शंका फिटते. शेवटीं जिवंत नमुने दोन निरनिराळ्या देशांतील संग्रहांत ठेवावे लागतात. आपल्या पुण्यांतही असें राष्ट्रीय केंद्र आहे. पुण्याजवळच्या पिंपरीचें नांव तर 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना' या जातीसच लाभलें, आणि तिच्यापासून हॅमायसिन हें बुरशीनाशक औषध तेथील हिंदुस्थान अँटिबायोटिक्सनें काढलें.

घरांतील एखादी मुलगी वर्षानुवर्षें एका ठिपक्यामागें लागते, तेव्हां वडीलधारीं मंडळी विचारतात, "यांतून निष्पन्न काय?" आम्हांस वाटतें, उत्तर सरळ आहे. मातींतले बहुतेक जंतु अद्याप कोणीं वाढविलेलेही नाहींत. उद्यां त्यांतला एखादा एखाद्या रोग्याचा प्राण वाचवील. पण ज्याचें नांव व ठिकाण कोठेंच नोंदलेलें नाहीं, त्यास गरजेच्या वेळीं पुन्हां हांक कशी मारावयाची?