विटलेलं हूड

धाकट्या भावाच्या जुन्या जीपचं कॅनव्हासचं हूड उन्हानं पार विटलं होतं. नवं शिवून घ्यायला तो तयार नाही. "ताई, हिनं दाभणानं घातलेले टाके आहेत त्यावर," म्हणाला. भावजय आता नाही, त्यामुळे मी पुढे बोलले नाही.

मग हूड ब्रशनं घासून धुतलं आणि खडखडीत वाळवलं, कारण ओल राहिली की रंग नीट धरत नाही. काचा, पत्रा चिकटपट्टीनं झाकून सावलीत रंगाचे दोन पातळ हात दिले. वाळल्यावर पाणी अडवणारं द्रावण वेगळं लावलं. उन्हातले अतिनील किरण रंगाबरोबर सुती धागाही कमकुवत करतात. रंग परत आणता येतो, धाग्याची ताकद नाही.

तिच्या ठिगळाला मात्र भावानं ब्रश लावू दिला नाही. तेवढं विटकंच राहिलं. असू दे!