वाईची वाट आणि गाडीची साखळी

पुण्याहून वाईला जायला एस. टी. आहे, मोटारी आहेत. पण माझी सारी उमेदवारी मोटरसायकलवर गेल्यामुळे तिच्यावाचून प्रवास केल्यासारखे वाटत नाही. गाडी शंभर सीसीची आणि वयाने माझ्या थोरल्या मुलापेक्षा मोठी. २०२३ साली गणपतीच्या आधी मी तिच्यावरून खंबाटकीचा घाट चढत होतो, तोच पायाखाली ‘कटक् कटक्’ सुरू झाले. इंजिन ओरडत होते आणि चाक काही ऐकत नव्हते. वर्गात माझे नेमके असेच होते, त्यामुळे ही अवस्था ओळखीची होती.

कशीबशी सुरूर फाट्यावरून वाई गाठली. मधल्या आळीत शिरलो, तर अण्णा ओट्यावर उभे. काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ नेली आहे; पण एस. टी.च्या कार्यशाळेत तीस वर्षे काढलेले कान शाबूत आहेत.

“साखळी संपली रे तुझी,” ते म्हणाले. ख्यालीखुशाली नंतर.

खरे तर मी आलो होतो वेगळ्याच कामासाठी. आई गेल्यापासून अण्णा घरात एकटे. त्यांना पुण्याला नेऊन घराला कुलूप घालावे, असे आम्ही पुण्यात परस्पर ठरवले होते. ते बोलायचे कसे, एवढाच प्रश्न होता.

“सकाळी गॅरेजात टाकतो,” मी म्हटले.

“गॅरेज कशाला? ओटा आहे ना!”

सकाळी मी नुसती साखळी आणायला निघालो, तर त्यांनी थांबवले. “नवी साखळी जुन्या चक्रांवर घातलीस, तर चार महिन्यांत तीही जुनी होईल. तिन्ही एकदम आण.” साखळी ताणून लांब होते, अशी माझी समजूत. प्रत्यक्षात तिच्या प्रत्येक सांध्यातली खीळ केसभर झिजते, आणि असे शंभर केस मिळून बोटभर ढिलाई होते. मग ती दात्यांवर नीट बसत नाही, आणि दाते एका अंगाला कोयत्यासारखे वाकतात. माझ्या मागच्या चक्राचे ४२ दाते अण्णांनी बोटाने मोजले आणि “कोयते झालेत,” म्हणाले.

काम मी करायचे, बघायचे त्यांनी, तेही बोटांनी. साखळी काढण्याआधीच, मागचा ब्रेक दाबून, पुढच्या चक्राचे बोल्ट सैल करायचे. नाहीतर चक्र पान्ह्याबरोबर फिरत राहते. मग चाक उतरवायचे, मागचे चक्र बदलायचे, नट घट्ट करून पत्र्याचे कान दुमडायचे. हे मला मराठीच्या कुठल्याही पुस्तकात भेटले नव्हते.

आपलीही विद्वत्ता दिसावी म्हणून मी सांगू लागलो, की अशी रोलरची साखळी मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्डने १८८० साली काढली. अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनच्या पहिल्या गाड्यांना चामड्याचा पट्टा होता, तो पावसात घसरे, म्हणून साखळी आली. आणि १९८० साली त्याच कंपनीने दातेरी पट्टा पुन्हा आणला.

“बरं,” अण्णा म्हणाले. “आता तो चौदाचा पान्हा दे.”

शेवटी साखळीची दोन टोके जोडून मी वर छोटी क्लिप बसवली आणि हात पुसले. अण्णांनी तिच्यावरून अंगठा फिरवला. मग पुन्हा फिरवला.

“हिचं उघडं तोंड पुढे आहे. मिटलेली बाजू साखळी धावते तिकडे हवी. कुठे घासली तर क्लिप उडेल, आणि उतारावर साखळी चाकात अडकली तर…”

त्यांनी वाक्य पुरे केले नाही. खंबाटकीचा उतार मला आठवला. क्लिप मी मुकाट्याने फिरवली. ज्यांना एकट्याने राहणे झेपणार नाही असे आम्ही ठरवले होते, ते हे.

संध्याकाळी त्यांना मागे बसवून पसरणीचा घाट चढलो. गाडी लोण्यासारखी चालत होती. एका वळणावर थांबलो. खाली कृष्णाकाठची वाई दिसत होती; १७६२ साली रास्त्यांनी बांधलेले ढोल्या गणपतीचे देऊळ तिथल्या घाटावर आहे, मागची भिंत माशासारखी निमुळती, पुराचे पाणी दुभंगावे म्हणून. पलीकडे धोमचे पाणी. मी दिसेल ते सांगत होतो. मेणवली कुठल्या बाजूला, पांडवगड कुठे, ते अण्णाच मला दाखवत होते.

“अण्णा, तुम्ही पुण्याला…” मी सुरुवात केली.

“साखळीला दर पाचशे किलोमीटरला तेल घालत जा,” ते मध्येच म्हणाले. “डबा इथेच ठेवलाय. फळीवर.”

पुणे-वाई जाऊन-येऊन सुमारे १८० किलोमीटर. म्हणजे तिसऱ्या फेरीला तेल. मी मनात हिशेब केला आणि पुढचे बोललो नाही.

तेव्हापासून महिन्यातून एकदा वाईला जातो. तेल मात्र अण्णा प्रत्येक फेरीला घालायला लावतात.