शेवटच्या क्लिकचा मानपान

संपादकांनी बजावलंय, ‘आकडेमोड नको, आजीला कळेल असं लिहा.’ आजीचं सोडा, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी मला अजून साखळी मार्केटिंगवाला समजतात आणि जिन्यात गाठून ‘सध्या कुठली पावडर?’ विचारतात. पावडर नाही हो. एखादी वेबसाइट मिक्सरबद्दल लिहिते, खाली लिंक देते. त्या लिंकवरून कुणी मिक्सर घेतला तर विक्रेता साइटला कमिशन देतो. हे अफिलिएट मार्केटिंग. अ‍ॅमेझॉन १९९६ पासून करतंय. कोणत्या साइटमुळे किती माल खपला, हे विक्रेत्याला काढून देणं हे माझं काम.

सोपं वाटतं. प्रत्येक साइटला वेगळा कोड द्यायचा आणि मोजायचं. पण साइट आणि विक्रेता यांना जोडणाऱ्या नेटवर्कांपैकी एक ऑर्डरची तारीख धरतं, दुसरं माल पोचल्याची. एक जीएसटीसकट रक्कम दाखवतं, दुसरं वगळून. कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल दारातून परत गेलं तरी पहिल्या रिपोर्टात ती विक्रीच. शिवाय एकाच ऑर्डरवर दोघं हक्क सांगतात. सगळ्यांची बेरीज मारली तर दुकानात झाली नाही एवढी विक्री कागदावर दिसते. म्हणून ऑर्डर नंबर लावून एकेक ओळ जुळवायची. यात कौशल्य आहे, पण त्याचं कौतुक आजवर कुणी केलेलं नाही.

आता कुकी. लिंक दाबली की ब्राउझरमध्ये एक खूण पडते, तिला मुदत असते. अ‍ॅमेझॉनवर साधारण २४ तास. नंतर दुसऱ्या साइटची लिंक दाबली की बहुतेक ठिकाणी जुनी खूण रद्द, कमिशन शेवटच्याला. स्थळ आणलं मावशीनं, मानपान घेऊन गेला मांडवाच्या दारात अत्तर लावणारा!

हा माझा जुना वाद आहे. डिसेंबर २०२४ मध्ये पेपालच्या ‘हनी’ या कूपन शोधणाऱ्या एक्स्टेन्शनवर आरोप झाला, की पैसे भरायच्या क्षणी ते दुसऱ्याची खूण पुसून स्वतःची लावतं. कंपनीचं उत्तर काय, तर आम्ही शेवटच्या क्लिकचा प्रचलित नियमच पाळतो. मला राग आरोपापेक्षा या उत्तराचा आला, कारण नियम खरोखरच तसा आहे.

माझ्याकडे सध्या एक मिक्सरवाले आहेत. त्यांच्या मिक्सरची लिंक देणाऱ्या एक बाई पाककृतींची साइट चालवतात. इडलीचं पीठ वाटताना भांडं किती तापतं, पातं कधी अडतं, सगळं स्वतः वाटून बघून लिहितात. मालक म्हणाले, ‘यांच्याकडून लोक ढीगभर येतात, घेत कुणी नाही. काढून टाका.’ दुकानात लॉग-इन केलेल्या गिऱ्हाइकांचे मार्ग मी जुळवून पाहिले. बाईंचा लेख रात्री मोबाइलवर वाचलेला, खरेदी दोन-तीन दिवसांनी कॉम्प्युटरवरून, मध्ये ‘कूपन’ असा शोध. मोबाइलमधली खूण कॉम्प्युटरला माहीतच नाही. कमिशन अर्थातच कूपनवाल्याला.

पण हाही पुरावा नव्हे. ते लोक तसेही आले नसते कशावरून? २०१२ मध्ये ईबेनं स्वतःच्या नावावर लावलेल्या सर्चमधल्या जाहिराती काही ठिकाणी बंद करून पाहिल्या. ते क्लिक जवळजवळ सगळेच्या सगळे खालच्या फुकटच्या लिंकवरून आले. खरी मोजणी बंद करूनच होते. म्हणून मी सुचवलं, की महिनाभर निम्म्या पिनकोडांना कूपन देऊ नका, आणि मग दोन्हीकडची विक्री ताडून पाहू.

‘सणाच्या तोंडावर कूपन बंद? दिवाळीनंतर बघू,’ मालक म्हणाले. बाईंचा करार मात्र त्याआधीच संपतोय आणि तो पुढे चालू ठेवायला ते तयार नाहीत. तेव्हा दिवाळीनंतर दोन्हीकडची विक्री पडलीच, तर ती सण सरला म्हणून पडली की बाई नाहीत म्हणून, हे मी कुठल्या रकान्यात पाहणार?