हवानाचा सिगार : खरा कोणता, खोटा कोणता?

हवाना शहरातील कापितोलिओ या भव्य घुमटाच्या इमारतीमागे एक रस्ता आहे. दोन्ही बाजूंना रंग उडालेली जुनी घरे, गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे आणि मधून धडधडत जाणाऱ्या १९५० च्या दशकातील गुलाबी-निळ्या अमेरिकन मोटारी. या भागात परदेशी पाहुणा दिसला, की थोड्याच वेळात एखादा हसतमुख तरुण जवळ येतो. "कुठले तुम्ही? इंडिया? वा!" अशी विचारपूस होते. चार पावले बरोबर चालल्यावर त्याचा आवाज खाली येतो. "सिगार हवेत का? माझा भाऊ कारखान्यात आहे. आज सहकारी संस्थेचा दिवस. कामगारांना निम्म्या भावात मिळतात. उद्या मिळणार नाहीत."

पाहुणा त्याच्यामागून एका अंधाऱ्या जिन्याने वर जातो. पलंगाखालून पेटी निघते. पेटीवर 'कोहिबा' हे नाव, आत एका रांगेत झोपवलेले पंचवीस सिगार. घासाघीस होते, पैसे दिले जातात आणि पाहुणा खूश होऊन हॉटेलवर परततो. घरी आल्यावर सासरेबुवांसमोर किंवा साहेबांसमोर पेटी उघडली जाते, तेव्हा एक सिगार धड पेटत नाही, दुसऱ्याचे वेष्टन सुटते आणि तिसऱ्यातून तंबाखूचा नुसता चुरा बाहेर पडतो.

असा सहकारी संस्थेचा स्वस्ताईचा दिवस हवानात नसतोच. तो दररोज नव्या पाहुण्यासाठी असतो!

परदेशी निघालेल्या माणसाला कोणी ना कोणी "एक पेटी हवाना आण बरं का" असे सांगतेच. सांगणारा सहज सांगतो, पण आणणाऱ्याची फसगत होते. ही फसगत टाळायची, तर खरा सिगार मुळात महाग का असतो, हे आधी समजून घेतले पाहिजे.

तांबड्या मातीतले पान

हवानाच्या पश्चिमेला पिनार देल रिओ हा प्रांत आहे. तिथल्या विन्यालेस खोऱ्याला युनेस्कोने १९९९ साली जागतिक वारशाचा दर्जा दिला. सपाट तांबड्या शेतांतून मध्येच सरळ उभे राहिलेले हिरवेगार चुनखडीचे डोंगर, बैलांचा नांगर आणि ताडाच्या झावळ्यांनी शाकारलेली उंच छपरे, असे तिथले दृश्य आहे. याच प्रांतातील बुएल्ता आबाहो हा पट्टा सिगारच्या तंबाखूसाठी जगात सर्वांत नावाजलेला आहे.

निपाणीकडची शेते पाहिलेल्या वाचकाला तंबाखूचे पीक नवे नाही. पण निपाणीचा विडीचा तंबाखू उन्हात वाळवतात. इथे पाने झाडावरून थोडी थोडी, खालून वर अशी खुडतात आणि शाकारलेल्या वखारीत काठ्यांवर टांगून सावलीत, हवेवर वाळवतात. सिगारच्या सर्वांत वरच्या वेष्टनाचे पान तर वाढते तेही पांढऱ्या कापडाच्या मांडवाखाली. उन्हाने ते जाड होऊ नये, त्यावर डाग पडू नये, म्हणून ही काळजी. वाळल्यानंतर पानांच्या थप्प्या रचून ती आंबवली जातात, निवडली जातात आणि पुन्हा मुरत ठेवली जातात. आतले जड, तिखट पान वापरात येण्यापूर्वी दोन वर्षे किंवा त्याहून जास्त काळ थांबते.

या पिकाला निसर्गाचाही मार बसतो. सप्टेंबर २०२२ मध्ये 'इयान' हे चक्रीवादळ याच प्रांतावर आदळले आणि हजारो वखारी जमीनदोस्त झाल्या. पेरणीच्या तोंडावरच शेतकऱ्यांवर नवी छपरे उभारण्याची वेळ आली.

हात काम करतात, कान ऐकतात

कारखान्यात शाळेतल्यासारख्या बाकांच्या रांगा असतात. प्रत्येक बाकावर एक लाकडी फळी, 'चावेता' नावाचे अर्धगोल पाते आणि थोडासा डिंक. एवढ्या साहित्यावर स्त्री-पुरुष कामगार सिगार वळतात. आत तीन प्रकारची पाने एकत्र धरायची, त्यांवर बांधणीचे पान गुंडाळायचे, साच्यात दाबायचे आणि शेवटी रेशमासारखे तलम वेष्टन चढवायचे. पाने फार घट्ट झाली, तर धूर ओढला जात नाही आणि सैल राहिली, तर सिगार भसाभस जळतो. हे बोटांनाच कळावे लागते.

समोरच्या चौथऱ्यावर एक वाचक बसलेला असतो. १८६५ साली हवानाच्या 'एल फिगारो' कारखान्यात ही प्रथा सुरू झाली. सकाळी वर्तमानपत्र, नंतर कादंबरी मोठ्याने वाचायची आणि कामगारांनी वळता वळता ऐकायची. पूर्वी या वाचकाचा पगार कामगारच आपल्या खिशातून देत. १९३५ साली निघालेल्या 'मोंतेक्रिस्तो' सिगारचे नाव अलेक्झांडर ड्युमाच्या अशाच एका लाडक्या कादंबरीवरून पडले, असे सांगतात.

एक सही आणि बाराशे सिगार

१९५९ मध्ये क्युबात क्रांती झाली. १९६० मध्ये सिगारचे कारखाने सरकारने ताब्यात घेतले. अनेक जुन्या मालकांनी देश सोडला आणि आपल्या छापांची नावे ते बरोबर घेऊन गेले. त्यामुळे आजही काही नावांचे सिगार क्युबात बनतात आणि त्याच नावांचे दुसरे सिगार डॉमिनिकन प्रजासत्ताकातही बनतात. दुसरे सिगार बनावट नव्हेत, पण ते क्युबाचे नव्हेत. विमानतळावर नुसते नाव वाचून पेटी उचलणाऱ्याची इथे गफलत होते. पेटीवर देश कोणता छापला आहे, ते पाहावे.

फेब्रुवारी १९६२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी क्युबाच्या मालावर बंदी घातली. त्यांचे प्रसिद्धी सचिव पिअर सॅलिंजर यांनी पुढे एक किस्सा सांगितला. आदल्या संध्याकाळी अध्यक्षांनी त्यांना आपले आवडते सुमारे हजार क्युबन सिगार गोळा करायला सांगितले. सकाळी बाराशे सिगार मिळाल्याचे कळले, तेव्हा केनेडींनी खणातून कागद काढून त्यावर सही केली! २०१६ मध्ये अमेरिकेने प्रवाशांसाठी हे नियम बरेच सैल केले होते, पण सप्टेंबर २०२० मध्ये क्युबाचे सिगार आणण्यावर पुन्हा बंदी आली. म्हणून पुढे अमेरिकेला जायचे असेल, तर ही खरेदी न केलेली बरी.

पेटी कशी पारखावी?

पहिला नियम दुकानाचा. क्युबात 'कासा देल आबानो' ही पाटी असलेली अधिकृत दुकाने आहेत. कापितोलिओमागील पार्तागासच्या जुन्या इमारतीतले दुकान तर जगभरच्या शौकिनांना ठाऊक आहे. याच नावाची दुकाने इतर अनेक देशांतही आहेत. स्पेनमध्ये सरकारी परवान्याच्या तंबाखूच्या दुकानांत भाव ठरलेले असतात, त्यामुळे तिथे घासाघिशीचा प्रश्नच येत नाही.

दुसरा नियम पेटीचा. क्युबा सरकारची हिरवी हमीपट्टी पेटीच्या कडेला चिकटवलेली असते. ही प्रथा १९१२ पासूनची. आता या पट्टीवर क्रमांक आणि चमकणारे होलोग्रामही असते. पेटीच्या तळाशी 'एचो एन कूबा' म्हणजे क्युबात बनलेले आणि 'तोतालमेंते आ मानो' म्हणजे संपूर्ण हाताने बनलेले, ही अक्षरे डागलेली असतात. नुसती चिकटवलेली चिठ्ठी असेल, तर संशय घ्यावा. शेजारी कारखान्याची खूण आणि पेटी भरल्याचा महिना-वर्ष असते.

तिसरा नियम डोळ्यांचा. पेटीतील सगळे सिगार एका रंगाचे, एका लांबीचे असावेत आणि त्यांवरचे कागदी पट्टे एका रेषेत असावेत. हलके दाबल्यास सिगार किंचित दबावा, कुरकुरू नये. काचेच्या झाकणाची कोहिबाची पेटी कोणी दाखवली, तर हात जोडून निघावे. तशी पेटी खोट्या मालातच सापडते.

चौथा नियम भावाचा आणि तोच सर्वांत सोपा आहे. २०२२ मध्ये कोहिबा आणि त्रिनिदाद या छापांचे भाव जगभर एका पातळीवर, म्हणजे हाँगकाँगच्या भावाजवळ आणले गेले. तेव्हापासून 'हवानात कोहिबा स्वस्त' ही समजूत उरली नाही. जो स्वस्तात देतो, तो कोहिबा देत नाही.

विन्यालेसला शेतकरी आपल्या वाट्याच्या पानाचे, बिनपट्ट्याचे सिगार विकतात. "हे माझ्या शेतातले" असे सांगून विकलेल्या त्या सिगारमध्ये लबाडी नाही. फक्त त्यांना कोहिबा समजू नये.

पावती जपावी

क्युबातून निघताना वीस सुटे सिगार पावतीशिवाय नेता येतात. मूळ, हमीपट्टी लावलेल्या बंद पेट्यांतून पन्नासपर्यंत नेता येतात. त्यापुढे दुकानाची अधिकृत पावती लागते. भारतात २०१६ च्या बॅगेज नियमांत पंचवीस सिगारपर्यंत शुल्कमाफी होती, म्हणजे बरोबर एक पेटी. मात्र त्याच माफीत सिगारेट वेगळ्या धरल्या जात नाहीत. नियम बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी ताजी मर्यादा पाहून घ्यावी. आपल्या कोरड्या हवेत सिगार लवकर तडकतात, तेव्हा पेटी कपाटात वर्षभर ठेवून देण्यातही अर्थ नाही.

आणि एक गोष्ट हमीपट्टीवर लिहिलेली नसली, तरी घरातल्यांनी लक्षात ठेवावी. अस्सल पानाचा धूरही धूरच असतो. सिगारचा धूर छातीत ओढला नाही, तरी तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका टळत नाही. सासरेबुवांना खोकला असेल, तर पेटीऐवजी विन्यालेसचा एखादा सुंदर फोटो चौकटीत घालून आणला, तरी त्यांना आनंदच होईल.

त्या तरुणाचे काय?

राहता राहिला तो कापितोलिओमागचा तरुण. त्याच्यावर रागवावेसे वाटते, पण त्याचे शहरही पाहिले पाहिजे. क्युबात औषधांपासून पावापर्यंत टंचाईचे दिवस आले आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर सबंध देशाची वीज गेली आणि घरे अनेक दिवस अंधारात राहिली. सरकारी पगारात महिना निघत नाही, तिथे पाहुण्याच्या हातातले परकीय चलन म्हणजे घरातले तेल आणि मुलांचे दूध असते. त्याच्याकडून खोटी पेटी घेतली, तर त्याची आजची चूल पेटते. पण तांबड्या मातीत राबलेल्या शेतकऱ्याला आणि बाकावर वळलेल्या बोटांना त्यातून काही मिळत नाही.

त्यापेक्षा त्याला हसून "नको" म्हणावे आणि विचारावे, "तासभर मला तुझे जुने हवाना दाखवतोस का?" तो आनंदाने दाखवतो. कोणत्या गल्लीत चांगली कॉफी मिळते, कुठल्या अंगणात संध्याकाळी गाणे चालते, समुद्राच्या कठड्यावर कुठे बसावे, हे त्याला सगळे ठाऊक असते. त्याचे पैसे त्याला मोजून द्यावेत. मग एकट्याने दुकानात जावे, हिरवी पट्टी पाहावी, पावती घ्यावी. घरी परतल्यावर सांगण्यासारखे बहुतेक त्या तासाभरातलेच असेल.