चर्चची किल्ली

तीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होतो. जळगाव-धुळे मार्गावर, पारोळा-एरंडोल करत तिकिटं फाडली. मूळ गाव धुळ्याकडचं, घर जळगाव जिल्ह्यातल्या एका बाजारगावात. तिथं आमचं छोटं चर्च, कॅथलिकांची वीस-बावीस घरं. 1987 साली नाशिक धर्मप्रांत झाला, धुळे-जळगाव त्यात आले. पण आमच्या फादरांना अजूनही एका रविवारी दोन-तीन गावं गाठावी लागतात. म्हणून निवृत्तीनंतर चर्चची किल्ली माझ्याकडे आली.

बैठकीत दरवेळी एकच रड: पोरं येत नाहीत. मोबाईलनं बिघडवली, असं मीच सगळ्यांत मोठ्यानं म्हणायचो. एक गोष्ट मात्र सांगायचो नाही. एका नाताळला एक पोरगा ढोलकी घेऊन आला होता. अहिराणीत गाणं बसवलं होतं त्यानं. मी दारातच म्हणालो, "देवाच्या घरात गावठी बोली नको." तो ढोलकी तिथंच ठेवून गेला. पुढे कामाला सुरतेला गेला.

माझी माय जन्मभर अहिराणीत प्रार्थना करत होती. फादर स्टीफन्सनी 1616 सालीच ख्रिस्ताची कथा ओव्यांत आणली. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण किल्ली हातात आली की माणूस मालक होतो.

2019च्या डिसेंबरात फादरांनी प्रवचनात पोप फ्रान्सिस यांच्या 'ख्रिस्तुस विवित'बद्दल सांगितलं. आदल्या वर्षी रोममध्ये तरुणांवर सिनड भरली होती, त्यानंतरचं हे पत्र. तरुणांसाठीचं काम तरुणांनीच पुढे न्यावं, असा त्याचा रोख. मिस्सा संपल्यावर त्या पोराची धाकटी बहीण माझ्यासमोर उभी राहिली. "आप्पा, आमले नुसतं बलावतस. काम कव्हय देतस?"

मी खिशातून किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. दुसरं काही बोलायला सुचलं नाही.

त्या वर्षी पोरं घरोघर नाताळची गाणी म्हणत फिरली, मराठीत आणि अहिराणीतही. शेवटी चर्चच्या आवारात भरीत. शेजारच्या पाटलांनी पऱ्हाटी दिली, तिच्यावर वांगी भाजली, पोरांनीच ठेचली. बायांनी कळण्याच्या पुऱ्या केल्या. पाटलांच्या घरचेही पंगतीला बसले. फिरताना पोरांनी एक वही केली होती: कुठल्या घरात म्हातारं माणूस एकटं आहे, कुणाला कसली गोळी लागते, फोन नंबर काय. मला ते पोरखेळ वाटलं.

मार्च 2020मध्ये सगळं बंद झालं. चर्चही. माझ्या बायकोला साखरेचा आजार, गोळ्या संपत आलेल्या. मी कुणाला सांगितलंही नव्हतं, तरी दारात पिशवी आली. वहीत नोंद होती. वहीतल्या बाकीच्या घरांनाही तशाच पिशव्या जात होत्या.

त्याच दिवसांत मी सुरतेला फोन लावला. "चुकलं माझं," म्हणालो. "तुझी ढोलकी वेदीमागच्या खोलीत आहे. कापड घालून ठेवलीय." तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "उंदरांपासून जपा, आप्पा."

अजून आला नाही तो. पण दर नाताळला बहिणीला विचारतो, पऱ्हाटी मिळाली का.

किल्ली आता पोरांकडेच असते. मला लवकर जाऊन बसायचं असलं, तर त्यांना फोन करावा लागतो.